बिनपत्त्याचं पाकीट

मानवतच्या बसस्टँडसमोर, रसवंतीच्या घुंगरांना लागून
आमचं दुकान: झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका.
हजारभर लग्नं लावली असतील मी या की-बोर्डवर,
अक्षता एकाही लग्नात टाकली नाही.

सगळं आधीच तयार असतं कॉम्प्युटरात.
वर गणपती, त्याच्याखाली ज्याचं त्याचं कुलदैवत:
माहूरची रेणुका, मालेगावचा खंडोबा, तुळजापूरची आई,
एखाद्याचा बांधावरच्या पिंपळातला मुंजासुद्धा.
'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही ओळ तर
दहा वर्षांत एकदाही नव्यानं टाइप केली नाही.
देवाची कृपा कॉपी-पेस्ट होते,
भांडणं होतात ती खालच्या नावांवरून.
थोरला चुलता आधी, की सरपंच झालेला धाकटा?
मामाचं नाव बारीक पडलं म्हणून
एकदा पाचशे पत्रिका परत आल्या,
नवरीला हळद लागायच्या आत.

ताडबोरगावची द्वारकाबाई भर दुपारी आली.
वहीचा कागद, घडीवर घाम.
चि. सौ. कां. मुक्ता.
सोबत दीर, दिरासोबत घाई.
मी विचारलं, जे सगळ्यांनाच विचारतो:
वडलांच्या आधी श्री. लावू की कै.?

रसवंतीचा चरक थांबला,
की मला तसं वाटलं.

दीर म्हणाला, "गेला तो. बारा वर्सं झाली.
गुरुजी म्हणलेत, पळसाच्या पानांचा माणूस करू,
त्याला अग्नी देऊ, की कन्यादानाला वाट मोकळी.
टाका कै."

द्वारकाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.
"गेला म्हंजी नांदेडच्या गाडीत बसला.
म्या सोता डबा दिला हातात.
मेल्याचं कुणी सांगितलं न्हाई, जित्याचंबी न्हाई.
कामून लिव्हायचं कै.?"

"मग श्री.?"

ती बराच वेळ गप्प.
"श्री. असता तर आज तुमच्यापुढं तोच बसला असता."

कर्सर लुकलुकत राहिला.
मी मुहूर्त बदललेत, मांडवाची जागा बदलली आहे,
एकदा तर चार दिवसांवर आलेल्या लग्नात
नवरदेव बदलला, बाकी मजकूर तोच.
पण श्री. आणि कै. यांच्या मधलं
एकही अक्षर माझ्या फॉन्टात नव्हतं.
तिच्या नावाचंही तेच. सौ. की श्रीमती?
गळ्यातली पोत तर दिसत होती,
काळे मणी अर्धेअधिक पांढुरके पडलेले.

दीर मोबाईल कानाला लावून बाहेर गेला
तेव्हा ती टेबलावर वाकली.
"आधी कायबी लिव्हू नका.
नुसतं रंगनाथ. नुसतं द्वारका.
लग्नाआधी व्हतो तसं."

पत्रिका न्यायला एकटीच आली.
दुकानातच बसून, पुडीतल्या हळदीकुंकवाची बोटं
पहिल्या पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना लावली.
ही माहूरला जाणार.
मग गठ्ठ्यातली अगदी शेवटची काढली,
तिलाही चार कोपरे.
पाकिटावर नाव घालून देऊ का, म्हटलं.
मान हलवली, नाही.
"ही तुमच्या खणात ठिवा.
स्टँडाच्या तोंडाला बसता तुम्ही,
गाडी आधी तुम्हालाच दिसती."
एका पत्रिकेचे जादा पैसे मोजून दिले.
मी नको म्हटलं नाही.

लग्न झालं. वरण थोडं कमी पडलं म्हणतात.
पळसाच्या पानांचं काय केलं, ते विचारलं नाही.
खणातली हळद आता बिलबुकाला लागली आहे.

नांदेडची गाडी साडेचारला लागते.
प्रूफातून मान वर करून बघतो,
उतरणाऱ्यांत कुणाच्या हातात डबा आहे का.
तोवर पुढचं गिऱ्हाईक कुलदैवत सांगू लागतं.
मी टाइप करत जातो: स्थळ, वेळ, निमंत्रक.
वडलांच्या नावाआधीचा प्रश्न
हल्ली सगळ्यात शेवटी विचारतो.