खोडरबर

वॉर्ड तीनची ड्युटी मी बावीस वर्षं पेन्सिलीनं लावली.
मिरजेत, स्टेशनच्या मागं, ट्रस्टच्या दवाखान्यात.
आधी चौकटी, मग नावं,
मग खोडायचं.

खरं काम खोडण्यातच होतं.
रिबेका सातपुतेची पोर दहावीला, मार्चभर नाईट नको.
दस्तगीरमामांना उरसाचे दोन दिवस.
आणि सुलभा,
ती पगाराच्या आठवड्यात नाईटच मागायची.
कारण मी कधी विचारलं नाही.
कागद घासून घासून इतका पातळ व्हायचा
की उजेडात धरला तर पलीकडची खाट दिसावी.

मग दवाखाना कंपनीनं चालवायला घेतला.
दाराला काच आली, काचेशेजारी हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांचं यंत्र,
पेशंटनं घरी जाताना बोट लावायचं.
ड्युटी मोबाइलवर येऊ लागली, रविवारी रात्री नऊला.
सिद्धेश मॅनेजर माझ्या धाकट्याच्या वयाचा,
वाईट नाही पोरगा, त्यालाही वरून फोन येतात.
म्हणाला, सिस्टर, तीस खाटांना तीन हात पुरतात.
म्हटलं, तीन हात म्हणजे दीड बाई की रे.
तो हसला. मग हसायचा थांबला.

रिबेका मस्कतला गेली.
दस्तगीरमामा ठेकेदाराकडं गेले, म्हणजे कुठंच गेले नाहीत:
तेच स्ट्रेचर, तेच कुरकुरणारं डावं चाक,
फक्त शर्ट निळा, पगार निम्मा,
आणि चार्टात नावाऐवजी 'हाउसकीपिंग चार'.
आम्ही हाक मारताना अडखळतो.

गेल्या पगाराच्या आठवड्यात सुलभाला सकाळ पडली.
रात्री घरीच होती.
सकाळी आली, सलाइन लावल्या, ड्रेसिंग केली,
चहालासुद्धा मास्क खाली घेतला नाही.
त्या दिवशी वॉर्डाला अकरा हसरे चेहरे मिळाले.
सिद्धेशनं ग्रुपवर टाळ्या टाकल्या.

मी तिची ड्युटी बदलायला गेले.
मोबाइलवर चौकट उघडली: कारण लिहा.
बोट थांबलं.
बावीस वर्षं जे विचारलं नव्हतं ते आता मी लिहू?
लिहिलं, घरगुती.
उत्तर आलं, अमान्य.

खाली एक बटण होतं, अदलाबदल.
हल्ली इनचार्जलाही नाईट असते.
माझ्या सात रात्री तिला, तिच्या सात सकाळी मला.
बेरीज जुळली. मंजूर.

सुलभा काही बोलली नाही.
नाईटला येताना डबा मात्र दोघींचा आणला,
आणि सकाळी सहाला, मी आल्यावर,
आम्ही तो लिननच्या खोलीत उघडला.