दिवसाचा पतंग

मोरामांगाच्या पुढं, रेल्वे रुळाच्या कडेला.
सकाळचे नऊ चाळीस.
एक, मेलेला. डावी शेपटी तुटलेली.

पंख काळे, त्यांवर हिरव्या आडव्या रेघा.
मागच्या पंखावर तांबडं, सोनेरी, थोडं जांभळं...
इथं पेन्सिल थांबली,
कारण कागद जरा कलला
आणि तांबडं हिरवं झालं.

सोलोफो म्हणाला, फुलपाखरूच. उन्हात उडतं की!
मी भिंगातून मिशा दाखवल्या:
टोकाला गाठ नाही, नुसता दोरा.
म्हणजे पतंग.
त्याला पटलं नाही. मलाही, खरं तर.
माझ्या भाषेत पतंग म्हटला की दिवा आलाच,
आणि जळणं.
हा भर दुपारी पांढऱ्या फुलांवर जेवतो,
लहानपणी विषारी पानं खाऊन मोठा झालेला,
लपायचं कारणच नाही त्याला.

रावाओबाई रुळापलीकडे भात पाखडत होत्या.
"आम्ही लोलो म्हणतो.
फुलपाखरू लोलो, हाही लोलो,
गेलेल्या माणसाचा जीव, तोही लोलो."
मग सुपातून नजर न काढता,
"हा कुणाचा, ते लिहायला आहे का जागा
तुझ्या वहीत?"

मी रकाने पाहिले.
नाव. नर की मादी. पंखांची लांबी. हवा.

सोलोफोनं तो रुईच्या पानासारख्या कुठल्याशा
जाड पानावर ठेवला, डोकं पूर्वेला करून.
मी बोट पँटला पुसलं.

शेरा: शेपटी एकच.
ऊन भरपूर.