विरजण किती

दिवसभर रक्त मोजते मी,
मिरजेच्या दवाखान्यात, तळमजल्याला.
तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी,
काचेवर कोरलेल्या बारीक चौकटी
आणि अंगठ्याखाली टिकटिकणारा गणक.
रेघेवर बसलेल्यांचा नियम ठरलेला:
वरच्या नि डाव्या रेघेवरच्या घ्यायच्या,
खालच्या, उजव्या सोडून द्यायच्या.
कुणाला तरी सोडावंच लागतं मोजताना.

रात्री खोलीवर तसलीच एक काच,
कोपरा उडालेली, स्टोअरमधून बाद झालेली.
तिच्यावर यीस्टचा थेंब, निळ्या रंगाचा थेंब.
जिवंत पेशी निळं पचवून पुन्हा गोरी होते,
मेलेली निळीच राहते.
शंभरात अकरा निळ्या. चालेल.

हे मोजणं उशिरा सुचलं.

पहिल्या खेपेला मे महिना, वीस लिटरची बादली,
आणि फ्रीजमध्ये वर्षभर विसरलेली
यीस्टची अर्धी पुडी.
दोन दिवस बादली ढिम्म.
मग उठली ती रागानंच.
रक्तपेढीतल्या शमुवेलनं पहिला घोट घेतला,
ग्लास उजेडात धरला:
"यात केळं कुणी कुस्करलं? आणि वर नेलपॉलिश?"
त्याचा घसा तापला, दुसऱ्या दिवशी डोकं.

मूठभर पेशी, समोर बादलीभर साखर.
आधी वंश वाढवायचा, मग काम.
त्या घाईत अंगाला जो वास सुटतो
तोच बियरमध्ये उतरतो.

दुसऱ्या खेपेला मी हट्टानं
आधीच्या बादलीचा सगळा गाळ ओतला.
रात्री दोनला झाकण छताला लागलं.
फेस भिंतीवर, फेस कॅलेंडरवर,
संकष्टीपासून अमावस्येपर्यंत सगळं चिकट.
तीन दिवसांत आटोपलं.
पानं वीस, माणसं दोनशे,
घास तोंडात जाण्याआधी पंगत उठलेली.
चव म्हणाल तर
पाव भिजवून काढून घेतलेलं पाणी.

त्याच आठवड्यात खालच्या चंपाक्का वाटी घेऊन आल्या.
"विरजण हाय का गं थोडं? मांजरानं पातेलं सांडलं."
मी विचारलं, किती लावता?
"मोजून कोण लावतंय!
थंडीत जरा सढळ हात,
उन्हाळ्यात चमच्याचं टोक बुडवायचं.
जास्त झालं की आंबट,
कमी पडलं की तार सुटती."
भिंतीवरच्या डागाकडे त्यांनी पाहिलं,
विचारलं काहीच नाही.

पुस्तकात हेच लिहिलंय, दीड पान, आकड्यांत:
गार खोलीतल्या लागरला दुप्पट.

मग मोजायला बसले.
एका बादलीला अठरा हजार कोटी पेशी.
आकडा मोठ्यानं उच्चारला तर
जिल्हा परिषदेच्या बजेटसारखा वाटतो.
डिसेंबरात एकच काढा तीन बरण्यांत ओतला.
एकीला पाव, एकीला पुरतं, एकीला चौपट.
एकच खोली, एकच फडकं वर बांधलेलं.

तीन आठवड्यांनी मकबूलभाई आले,
सतारमेकर गल्लीतले.
ते पीत नाहीत. फक्त वास घेतात,
तंबोऱ्याच्या भोपळ्यात नाक घालून
आत ओल उरलीय का ते सांगतात, तसा.

चौपटवाली: "यात कुणी राहत नाही."
पुरती: "जुळलंय."
आणि पुढे सरकले.
पाववाल्या बरणीपाशी मात्र बराच वेळ वाकून राहिले.
"बेसूर आहे जरा," म्हणाले,
"पण जवारी खुली आहे हिची."

ते गेल्यावर मी वहीत
पुरत्याचा आकडा लिहिला,
मग खोडून थोडा खाली आणला.
थोडा म्हणजे किती, ते अजून ठरत नाही.
स्टेशनात डबे एकमेकांवर आपटतायत.
बरण्या धुवायच्या राहिल्यात,
आणि सकाळी आठला ड्यूटी.