बाकी सगळं

नाट्याच्या बंदरावर सोसायटीचं ऑफिस:
खाली डिझेल पंप, वर पत्र्याची खोली,
आणि एकच वायर. दहा एमबीची.
तीही टेम्पोच्या धक्क्यानं दोनदा खांबासकट आडवी झालेली.

सेक्रेटरी शौकत हातवडकर म्हणाले,
"लिलाव सुरू झाला की फोन तुटतो.
बोटीवरून विचारतात, भाव काय,
मी सांगतो साडेचारशे, त्यांना ऐकू येतं, शे."

रात्रभर मोजत बसलो, कोण किती खातं.
चार कॅमेरे, अखंड, बकासुरासारखे.
काट्यावरचं वजन, थेंबभर.
फोनही थोडकाच, पण त्याला थांबणं माहीत नाही;
उशिरा पोचलेला शब्द म्हणजे उन्हात राहिलेला बांगडा,
टाकूनच द्यायचा.

कागदावर रांगा आखल्या. तीनच.
(पुण्यात एकदा अकरा केल्या होत्या,
सहा महिन्यांनी मलाच वाचता येईनात.)
पहिली आवाजाची. तिला पुढे सोडा,
पण एका एमबीवर हात धरा,
नाहीतर जो तो स्वतःला आवाज म्हणवील.
दुसरी लिलाव, वजन, बिलं.
तिसरी, बाकी सगळं.
हे लिहायला एक सेकंद लागला.

पहाटे सुरमई गेली, सरंगा गेला,
शेवटी कुटीचा ढीग कुणीतरी उचलला.
फोन एकदाही तुटला नाही.
शौकतभाईंनी दोन पापलेटं बांधून दिली.

जिन्याखाली गंगाराम कुळये, रात्रीचा राखणदार,
मोबाईल आडवा धरून, सोसायटीच्याच वायफायवर.
मुलगा जहाजावर. आज सिंगापूरला लागलंय,
उद्या सुटेल, मग तीन आठवडे पाणीच.
चौकटीत त्याचं तोंड अर्धं उघडं, तसंच थिजलेलं.
"वाऱ्याचा असंल," गंगाराम म्हणाला.
"काल ह्येच टायमाला चांगला हसत व्हता."

काल माझा कागद नव्हता.

परत वर गेलो. पापलेटं टेबलावर.
कॅमेऱ्यांना तिथून उठवलं, वेगळं बसवलं,
तीन एमबीत भागवा म्हटलं.
उरलेल्यांच्या नावापुढे लिहिलं:
लिलाव असो, वादळ असो, हिचे दोन एमबी हिचेच.
रांगा चार झाल्या.
पुण्याचे अकरा आठवले, तरी झाल्या.

जिन्याखालून आवाज आला, "जेवलास काय रं?"
मग बराच वेळ काही नाही.
मग, तुटकं, पण आलं:
"डाळच, बाबा."

पापलेटांचं पाणी कागदावर उतरत होतं.