तारेपलीकडच्या आईस

अहो शूलेच्या आई,
आपली ओळख नाही. तुमच्या स्वयंपाकघरातला दिवा तेवढा माहीत आहे मला,
दरीच्या त्या अंगाला, दोन चहामळ्यांच्या वर,
माझा विझायच्या आधी कधीच न विझणारा.

काल रात्री माझा ओक्ताय
चहाची पोती वाहायच्या पाळण्यात बसून
तुमच्याकडे निघाला होता.
धाकट्याला बटणापाशी बसवलं, दोन चॉकलेटं कबूल करून.
तुमच्या मुलीनं म्हणे लिहिलं होतं : येऊन दाखव.
दोनच शब्द. पंधरा वर्षांच्या पोराला
एवढं सरपण पुष्कळ झालं.
बरोबर तिची भूगोलाची वही.
सकाळी शाळेत देता आली असती, सात तासांनी.
पण त्यांच्या हिशोबात सात तास म्हणजे
सगळं म्हातारपण.

आणि मध्यावर वीज गेली.

जीव टांगणीला लागला, असं मी हजारदा बोलले असेन.
काल तो मला दिसला.
खाली नदीचा घोगरा आवाज,
वर काळ्या समुद्राकडून आलेलं धुकं,
मधे एक लोखंडी पाळणा,
हलत.

रुश्तू म्हणाला, राहू दे लटकलेला उजाडेपर्यंत.
अक्कल येईल.
आवाज रागाचा होता, बोटं मात्र
शर्टाची बटणं चुकीच्या काजांत घालत होती.
मी हातानं फिरवायचा दांडा शोधला, गंजलेला.
एका फेऱ्याला हातभर मुलगा जवळ यायचा.
विसाव्या की तिसाव्या फेऱ्याला
पलीकडची मूठ रुश्तूनं धरली. बोलला काहीच नाही.

फिरवता फिरवता मी वाक्यं जुळवत होते :
अब्रूचं एक, परीक्षेचं एक,
हे काय वय आहे का, हे तर तयारच असतं.
मग आठवलं, सोळाव्या वर्षी
एका ट्रकवाल्याच्या मुलासाठी
कमरेपर्यंतची वेणी कापली होती मी,
त्याला आखूड केस आवडतात असं कुणीतरी म्हणालं म्हणून.
आईनं आठ दिवस कोंडलं.
त्या मुलाचं नाव आता आठवावं लागतं.
कडीचा आवाज आपसूक येतो.

पाळणा टेकला. पोरगा उतरला, वही छातीशी.
जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.
रुश्तूनं त्याचं मनगट पकडलं. मला वाटलं, आता.
पण त्यानं त्याचं बोट नेऊन तारेवर ठेवलं,
जिथे तीन पदर तुटून काट्यासारखे उभे आहेत.
"चाचपून बघ," म्हणाला. "पोत्यांसाठी आहे ही.
पोतं पडलं तर चहा जातो."
इतकंच.
ओक्ताय तेव्हा रडला. त्याआधी नाही.

आज इंजिनघराला कुलूप आहे, किल्ली माझ्या खिशात.
फोन त्याच्याकडेच ठेवलाय.
रुश्तूला पटलेलं नाही, सकाळपासून तो
मांजराशी बोलतोय, माझ्याशी नाही.
बरोबर केलं का, मलाही माहीत नाही.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं.
काल तुमच्या काठावर एक विजेरी होती.
अंधार झाल्यापासून तो आमच्या अंगणात पाय टेकेपर्यंत
तिचा उजेड पाळण्यावरून हटला नाही.
चाळीस मिनिटं.
हात भरून येतो हो, आपलासुद्धा.
पहाटे वीज आली, तुमचे सगळे दिवे एकदम लागले
आणि एक मोठा आवाज दरी ओलांडून आला.
शब्द कळले नाहीत. विचारतही नाही.
त्या उजेडात मला माझ्या मुलाचे हात दिसत होते,
कडा घट्ट धरलेले, एवढं तुम्हाला ठाऊक असावं.

खाली चार किलोमीटरवर पूल आहे.
शनिवारी तो पुलावरून येईल, दिवसा, वही द्यायला.
सोबत मक्याची भाकरी पाठवते.
दार तुम्ही उघडा, तिला उघडू देऊ नका.
आधी तुमच्याशी बोलावं लागू दे त्याला.
तारेपेक्षा ते अवघड जाईल.