पेट्या मोजताना

वैशाखात, भर बाराला, सावळजहून कुपवाडला
बेदाण्याच्या पेट्या आणल्या.
स्टिअरिंगवर दीर भाऊसो, बाजूला मी,
मांडीवर ओल्या पंच्यात गुंडाळलेली
पाण्याची बाटली.

माधवनगरपाशी ती आली.
छातीतून वर, गळ्यावरून, कानशिलांपर्यंत.
बाहेरच्या उन्हाशी तिचं काही नातं नाही.
पाळी गेली, जाताना चूल
पेटतीच ठेवून गेली.

"काच खाली करा भाऊजी."
"खालीच हाय की वैनी."
आता याला काय सांगायचं?
बाटली मानेमागे दाबली, मनगटांवर पाणी सोडलं.
सुती साडी, सैल पोलकं, सकाळपासून चहा नाही:
भोकरे डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकते मी.
ती ऐकत नाही.

शीतगृहाचं जाड दार उघडलं,
पांढरं धुकं पायांवर सांडलं.
पेट्या मोजायच्या म्हणून आत गेले.
एकशे चाळीस.
चुकलं असेल. परत पहिल्यापासून.

रजिस्टर घेऊन शमशाद उभी,
मे महिन्यात लोकरीचा स्वेटर घालून.
बघत राहिली माझ्याकडे, माझ्या घामाकडे,
मग पायानं एक क्रेट उलटा सरकवला.
"बसा. माझं चार वर्षं चाललं.
तेव्हाच ही नोकरी धरली.
आता वाजती थंडी, पण सोडवत न्हाई."
हसलो तर तोंडातून वाफ निघाली,
दोघींच्याही.

बाहेर हॉर्न वाजतोय.
सुकलं की गोडी वाढते, वगैरे
मला कुणी सांगू नका.
एकशे एकोणचाळीस झाल्या.
एक राहिलीय.