हातून सुटलेलं

तेरामोच्या कायदा महाविद्यालयात
रात्री साडेआठनंतर मी टेबलं पुसते.
मुलं पुस्तकं उघडीच टाकून जातात.
बिस्किटाचा चुरा, पेन्सिलीच्या रेघा,
कुणाची तरी केसांची क्लिप.
मिटण्याआधी उघडं पान वाचायचं,
ही माझी सवय, पगारात न धरलेली.

या आठवड्यात सगळे रोमनांच्या खुनांवर आहेत.
परीक्षा असेल.

सोमवारी वाचलं:
दुसऱ्याचा गुलाम मारला
तर गेल्या वर्षभरातली त्याची
सर्वांत चढी किंमत भरायची.
दुसऱ्याची गाय मारली, तरी तेच.
त्याच कलमात, एका स्वल्पविरामाच्या अंतरावर.
मी फडकं पिळलं. पाणी करडं झालं.

बापाला मारणाऱ्याला पोत्यात शिवायचे,
सोबत कुत्रा, कोंबडा, साप आणि माकड,
आणि पाण्यात.
समासात बारीक अक्षर: माकडाने काय केलं होतं?
हे पोर वकील होणार नाही.
किंवा फारच चांगला होईल.

मालकाचा त्याच्याच घरात खून झाला
तर त्या छपराखालचे सगळे गुलाम मारायचे,
स्वयंपाकीण, दिवे लावणारा पोऱ्या,
सगळे.
कारण त्यांनी हाक ऐकायला हवी होती,
धावायला हवं होतं.
इथे मी खुर्ची ओढून बसले.

त्या नोव्हेंबरात मी नळाखाली पालक धूत होते.
चेस्टनटच्या रानात, आमच्या छपरापासून
चारशे पावलांवर, माझ्या भावाला,
नाझारेनोला, गोळी लागली.
ऐकली नाही असं मी सगळ्यांना सांगितलं.
ऐकली होती.
रानडुक्कर पडलं असेल, असं म्हणून
रेडिओ थोडा मोठा केला होता.

सेत्तीमिओ न्यायाधीशासमोर म्हणाला, गोळी सुटली.
झाडली नाही. सुटली.
जशी गाठ सुटते, शाळा सुटते, शेवटची गाडी सुटते.
आई मागच्या बाकावरून एवढंच बोलली:
"शाळा सुटली की तो घरी यायचा."
तिला गप्प बसवलं.
आठ महिने, तेही स्थगित.

आज खिडकीजवळचं टेबल.
सगळ्यांत जुना कायदा, राजांच्या काळचा म्हणतात:
शस्त्र फेकलं नसेल, हातून निसटलं असेल,
तर मेंढा द्यावा.
मेलेल्याच्या भाऊबंदांना, चारचौघांत.
बस्स. एक मेंढा.
मला वाटलं हसू येईल.

सेत्तीमिओकडे तीस-बत्तीस मेंढरं आहेत.
दर ईस्टरला आमच्या उंबऱ्यावर
फडक्यात बांधलेलं चीज ठेवून जातो,
दार न वाजवता. अकरा वर्षं.
आई ते कोंबड्यांना घालते.
फडकं मात्र धुऊन, घडी करून ठेवते.
अकरा फडकी झालीत.

समजा, चर्चसमोरच्या चौकात गाव जमलंय.
तो शिंगाला दोरी बांधून मेंढा आणतो.
दोरी त्याच्या मुठीने ऊबदार झालेली.
मेंढा मला ढुशी देतो, कुणी तरी फिस्सकन हसतं.
पुढे काय? कापायचा? पाळायचा?
रात्री खुराड्याशेजारी बांधायचा,
आणि तो ओरडला तर उठून बघायचं?
पान काही सांगत नाही.
पण एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या,
तेवढा वेळ तरी
त्याला माझ्याकडे बघावं लागलं असतं.
आणि मला, कदाचित,
रेडिओचं सांगावं लागलं असतं.

पहारेकरी ओस्काल्दो एकेक दिवा घालवत येतो.
"झालं का, ओर्तेन्सिया?"
एक टेबल राहिलंय, मी म्हणते.

बस नऊ पन्नासची.
ती त्याच्या मेंढवाड्याच्या फाट्यावर थांबते,
कुणी उतरो, न उतरो.
आजवर मी त्या बाजूला
पाठ करूनच बसत आले.